कातळावरची व्हीलचेअर

"अजून पुढे ने. रस्त्यावरूनच समुद्र बघायचा होता, तर टीव्ही काय वाईट होता?" सासूबाईंनी मान न वळवता फर्मावलं.

सॉनह्वानं दात आवळले आणि व्हीलचेअर कातळावर ढकलली. ओहोटीनं उघडा पडलेला सपाट, काळा कातळ दूरवर पसरला होता. चाकं खडखडत होती आणि प्रत्येक खडखडाटाला सासूबाईंचं तोंड चालू होत होतं.

"पोतं ढकलतेयस का? माणूस आहे मी."

"पोतं बोलत नाही, आई."

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, वारा छान सुटलाय."

सासूबाईंना ऐकू कमी यायचं. तेही सोयीनुसार कमी, असं सॉनह्वाचं मत होतं.

ही सहल सासूबाईंच्या ऐंशीव्या वाढदिवसाची. ठरवली तेगूननं, त्यांच्या थोरल्या मुलानं. ऐन वेळी त्याला कारखान्यातून बोलावणं आलं, आणि 'संध्याकाळी पोचतो' म्हणून तो मोकळा झाला. बायकोच्या गळ्यात आई अडकवून मोकळं होण्यात नवरे मोठे तरबेज असतात.

गुडघे गेले म्हणून म्हातारी गेल्या हिवाळ्यात दक्षिणेकडच्या बेटावरून त्यांच्या फ्लॅटमध्ये आली होती. तिकडे तिचं कापडाचं दुकान होतं म्हणे. मालकिणीचा तोरा काही उतरला नव्हता. नातीची खोली तिनं बळकावली. सुनेनं मुरवलेली कोबीची किमची रोज चाखायची आणि रोज नाक मुरडायचं. सकाळी डोकेदुखीची पांढरी पुडी जिभेवर टाकायची आणि डोकं सुनेमुळे दुखतं म्हणून शेजारपाजारी सांगायचं. आणि तो श्वास! रागावली की म्हातारी श्वास रोखून बसे. समोरच्याचा जीव घाबरा होईपर्यंत रोखे, मग ओठांतून बारीक शीळ घालत सोडून देई. त्या शिळेनं सॉनह्वाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

वृद्धाश्रमाचा विषय सॉनह्वानं एकदाच काढला होता. "मी थोरला मुलगा आहे. मी जिवंत असेपर्यंत नाही," तेगून म्हणाला होता. सॉनह्वा तेव्हा संडासात जाऊन रडली, कारण घरात रडायला दुसरी जागाच उरली नव्हती. म्हातारी शंभरी गाठणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. तोवर ती स्वतःच म्हातारी झाली असती.

पाण्याच्या कडेला तिनं खुर्ची थांबवली.

"बूट काढ माझे. मोजेही."

सॉनह्वानं वाकून काढले.

"तुझ्या हातांना गुण नाही. ओढतेस काय?"

सॉनह्वानं खुर्चीचे दोन्ही ब्रेक लावले. घट्ट लागलेत ना, ते हलवून पाहिलं.

"मी उकडलेली कणसं घेऊन येते, आई."

"गरम आण. नाहीतर आणशील दगड!"

ती वर टपरीपाशी पोचली तेवढ्यात किनाऱ्यावरचा भोंगा बोलायला लागला. भरती सुरू झाली आहे, कातळावरच्या लोकांनी ताबडतोब वर यावं. लोक चपला हातात घेऊन भराभर वर येऊ लागले. म्हातारीला भोंगा ऐकू जाणार नव्हता. सॉनह्वाला ते पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच ती धावली नाही. तिनं कॉफी मागवली आणि समुद्राकडे पाठ करून बसली. कॉफी संपेपर्यंत कित्येक महिन्यांत आला नव्हता असा निवांतपणा तिला आला.

ती खाली आली तेव्हा कातळ पाण्याखाली गेला होता. आडव्या पडलेल्या खुर्चीचं एक चाक तेवढं वर दिसत होतं. खुर्चीत कोणी नव्हतं.

सॉनह्वा कमरेपर्यंत पाण्यात शिरली, पुरती भिजली, बाहेर आली आणि मग तिनं हंबरडा फोडला. माणसं जमली. किनाऱ्यावरच्या रक्षकानं शिट्टी फुंकली. भिजू नये म्हणून पर्ससकट टपरीवर ठेवलेला तिचा फोन कोणीतरी आणून दिला.

"अहो, आई गेल्या हो! मी हात धरून ठेवला होता, लाटेनं ओढून नेलं!"

पलीकडून तेगूननं विचारलं, "कातळावर आपटली का?"

"नाही हो. पाण्यात गेल्या, पाण्यात!"

"नक्की पाण्यातच ना?"

"माझ्या डोळ्यांदेखत!"

तेगूननं हुश्श केलं. "मग रडू नकोस. ऐक माझं. ते कापडाचं दुकान वगैरे काही नव्हतं. तुझ्या वडिलांनी सोयरीक मोडली असती, म्हणून आईनंच मला शपथ घातली होती. जन्मभर समुद्राच्या तळाशी बुड्या मारून, शंख काढून विकून तिनं आम्हाला वाढवलं. तिला जमिनीवर चालता येत नाही गं, एवढंच."

किनाऱ्यावर चढणाऱ्या पायऱ्यांपाशी पाणी हललं. एक पांढरं डोकं वर आलं. दंडाला विळखा घातलेला ऑक्टोपस सोडवत सासूबाईंनी जमलेल्या माणसांवरून नजर फिरवली, ती सुनेच्या भिजलेल्या कपड्यांवर येऊन थांबली, आणि त्यांनी विचारलं, "कोण बुडालं गं, सूनबाई?"