नरेंद्रची बहीण

कामरगावच्या एका शाळेनं नरेंद्रला आधीच बजावलं होतं, औंदा गॅदरिंगला काहीतरी नवं दाखवा, नाहीतर आम्ही दुसरा जादूगार पाहतो. आपल्याला जादू शिकवणाऱ्या हिमालयातल्या बाबाची त्याची गोष्ट आता पोरांनाही पाठ झाली होती. म्हणून मेडशीच्या घरी बसून त्यानं एक बहीण रचली. उज्ज्वला. सातव्या वर्षी गेलेली, आणि समोरच्याच्या कोणत्या मुठीत चिंचोका आहे ते अजूनही भावाच्या कानात सांगणारी.

"मेलेल्या मानसाची थट्टा करू नका," त्याची बायको रत्नमाला म्हणाली.

"मेली कुठं? जल्मलीच नाही न! मी तं एकुलता एक."

खरी युक्ती साधीच होती. चिंचोका ज्या मुठीत असतो, तिकडे माणसाचं नाक नकळत जरासं वळतं. रत्नमालाचं तर बारा वर्षांच्या संसारात एकदाही चुकलं नव्हतं.

दुपारी दाराला आतून कडी घालून तालीम सुरू झाली. नरेंद्र पाठ फिरवून उभा राहिला आणि उज्ज्वलाची गोष्ट त्यानं अशी सांगितली, की शेवटी त्यानं स्वतःचेच डोळे पुसले.

"लपवला?"

"हो."

तो वळला. रत्नमालाचं नाक डावीकडे नव्हतं, उजवीकडेही नव्हतं. ती आपल्या कमरेशेजारी, खाली पाहत होती. लहान लेकराकडे पाहून हसावं, तशी हसत होती.

"मुठी उघड."

दोन्ही रिकाम्या.

"चिंचोका कुठी हाये?"

रत्नमाला ओशाळली.

"तिनं हात पुढं केला, तं देऊन टाकला. दादाले सांगू नको म्हने."