रेघेतलं काळं

ताटातले देव नव्याकोऱ्या नळांसारखे चकाकत होते. फिटरकाकांनी ताट बायकोसमोर ठेवलं आणि शाबासकीची वाट बघत उभे राहिले. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी सगळी इमारत त्यांना फिटरकाकाच म्हणायची. धातूची कुठलीही वस्तू आपल्या हाताखालून गेली की तिचा आरसाच झाला पाहिजे, हा त्यांचा हट्टही अजून शाबूत होता.

बायकोचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. न्हाणीघरात पाय घसरून मनगट मोडलं होतं. स्वयंपाकाचं काकांनी कसंबसं निभावून नेलं, पण देवांच्या वाटेला ते लग्नापासून कधी गेले नव्हते. तो प्रांत तिचा. आता पितळ काळवंडत चाललं तशी ती रोज देव्हाऱ्याशी घुटमळायची, डाव्या हातानं एखादी मूर्ती उचलायची आणि तशीच परत ठेवायची. ते काही त्यांना बघवेना. म्हणून आज तिचा डोळा लागलेला बघून त्यांनी देव गॅलरीत नेले, ड्रिलला मऊ चाक लावलं, पॉलिशचा हात दिला आणि दुपार सत्कारणी लावली.

तिनं ताट जवळ ओढलं. गणपती पाहिला, अन्नपूर्णा पाहिली. मग रांगणारा बाळकृष्ण तळहातावर घेऊन खिडकीकडे धरला. तो तिच्या आईनं दिलेला.

"याचं हसू कुठे गेलं?" तिनं विचारलं.

काकांनी वाकून पाहिलं. डोळे दिसेनात, ओठ दिसेनात. चेहऱ्याच्या जागी नुसता गुळगुळीत उजेड. चाकानं खाल्लं असणार, त्यांना वाटलं. घाईघाईनं ते म्हणाले की पेटीत सुईसारख्या कानशी आहेत, केसभर रेघ मारून देतो, कुणाला कळणारसुद्धा नाही. तेव्हा मात्र ती भडकली. केलंत तेवढं पुष्कळ झालं, आता याला कानस लावलीत तर याद राखा, असं तिनं बजावलं.

मग डाव्या अंगठ्याचं नख तिनं मूर्तीच्या चेहऱ्यावरून हळूच फिरवलं. एकदा, पुन्हा एकदा. तिच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. रेघ आहे, म्हणाली, कुठे गेली नाही.

"मग दिसत का नाही?"

"रेघेतलं काळं काढलंत ना तुम्ही. ते राखायचं असतं. अहो, सगळंच लख्ख केलं तर देव दिसायचा कसा?"

तेव्हापासून ती खुर्चीत आणि काका खाली पाटावर, अशी शिकवणी सुरू झाली. चिंचेचा कोळ बोटावर घ्यायचा आणि फक्त उंचवट्यांवर फिरवायचा, गालांवर, पाठीवर, पोटऱ्यांवर. डोळ्यांच्या आणि ओठांच्या रेघेत बोट शिरू द्यायचं नाही. धुतलं की लगेच टिपून घ्यायचं, काखेत पाणी राहिलं तर हिरवं धरतं. काकांना यातलं काहीच अवघड नव्हतं. अवघड गेलं ते एवढंच, की मळ डोळ्यांना दिसतोय आणि हात आवरायचा. जन्मभर नेमकं उलटं केलेलं. दोनतीनदा तिनं त्यांच्या बोटांवर फडकं मारलं.

हाताळता हाताळता मात्र त्यांना त्या मूर्तीत गोडी वाटायला लागली. दोन गुडघे आणि एक तळहात, अशा तीन टेकूंवर ती बसवलेली होती. तीन टेकूंवरची वस्तू कधी डुगडुगत नाही. घडवणारा पक्का कारागीर असला पाहिजे, ते बायकोला म्हणाले. एकदा त्यांनी विचारलं, लोण्याचा गोळा धरलेला हा हात असा पुढे का? अजून मागतोय की काय?

"लहानपणी मलाही तसंच वाटायचं," ती म्हणाली. "आई म्हणायची, नीट बघ, तो देतोय."

काकांनी तो हात पुन्हा एकदा निरखला. गोळा पुसला आणि मूर्ती जागेवर ठेवली.

यथावकाश प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी हात छान जुळल्याचं सांगितलं. तरी देव घासायचा दिवस आला की काकाच पाटावर बसत, आणि ती हरकत घेत नसे. रोजचं गंध, तेलाचं बोट, धूप यांचं काय काय त्या रेघांत जमत होतं. काका ते रोज बघायचे, पण बोट लावायचे नाहीत.

एका सकाळी टिपताना त्यांचा हात थांबला. डाव्या गालाकडे, ओठाच्या टोकाशी, केसासारखी तपकिरी रेघ उमटली होती. त्यांनी मूर्ती उजेडात नेली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग बायकोला हाक मारली.

ती आली आणि त्यांच्या खांद्यावरून वाकली. "आलं की," एवढंच म्हणाली.

काकांनी चिंचेची वाटी आणि फडकं तिच्याकडे सरकवलं. सरकवताना त्यांचा हात जरा जडच झाला होता. "हात बरा झालाय तुझा. आता तुझे देव तू सांभाळ."

तिनं मनगट इकडून तिकडून फिरवून पाहिलं.

"छे हो, अजून कुठे. साधं फडकं पिळवत नाही मला," ती म्हणाली, आणि त्याच हातानं भरलेली बादली उचलून झाडांना पाणी घालायला गॅलरीत गेली.