नाव घेतलं

"कुकरची शिट्टीसुद्धा हिला चालत नाही," चहा टाकताना हे पुटपुटले.

तीन आठवड्यांपूर्वी वाकून उठताना कपाटाचं उघडं दार माझ्या डोक्याला लागलं. मार किरकोळ होता, पण आवाजाने अजून गरगरतं. "मिस्टरांचं नाव?" डॉक्टरांनी तेव्हा विचारलं होतं. अठ्ठावीस वर्षांत कधी घेतलं नव्हतं, म्हणून मी नुसती लाजले. डॉक्टरांनी 'विसरतात' असं लिहून टाकलं.

तेव्हापासून हे रोज माझी परीक्षा घेतात. वार, तारीख, लेकीचा वाढदिवस. स्वतःचं नाव मात्र विचारत नाहीत. मीही धास्तीने ते दिवसातून दहादा मनात घोकते.

"आज तेवढंच विचारा," मी म्हटलं.

"नको." हे चहा सोडून माझ्याकडे वळले. "नाही आठवलं तर मी काय करू?"

"मुकुंद," मी म्हटलं, "चहा उतू जातोय."