तीनशे दहा

"पाच वाजता माझ्या चकत्या जास्त असल्या, तर तू सामान घेऊन इकडे राहायला यायचं. कबूल?" पत्ते पिसता पिसता पुतण्याने विचारलं.

"कबूल. आणि माझ्या जास्त निघाल्या, तर मी एकटी राहते त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही," आत्याबाई म्हणाल्या. "पण आकडा तोंडाने बोलायचा. चकत्या नुसत्या ढकलायच्या नाहीत."

वयाने आत्याचं डोकं चालेनासं झालंय, असं पुतण्याचं ठाम मत. चौतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर असलेल्या बाईला ते पटणं शक्यच नव्हतं. रविवारी दुपारी पोकरला चौघंच जमत: हे दोघे, पुतणसून आणि वरच्या मजल्यावरचा प्लंबर. खेळ नुसत्या चकत्यांचा, आव लाखाचा.

पहिल्या डावात आत्याबाईंनी वीस लावले. तिघंही आले. पत्ते उघडले, तर प्लंबरची जोडी मोठी.

"आत्या, बॅग भरायला घेऊ?"

"बोलतोस फार. पत्ते वाट."

विसाला या घरात कुणी भीक घालत नाही, हे कळलं. पुढच्या डावाला त्यांनी चाळीस लावले. पुतणसुनेने पत्ते टाकले. साठाला प्लंबर "आलो" म्हणाला, पण त्यातला 'आ' जरा लांबला. मग नव्वद लावले, तोही गळाला. भीतीचा आकडा चपलेच्या मापासारखा असतो, ज्याचा त्याला. पुतण्याचं माप मोठं. तो दीडशेपर्यंत हट्टाने यायचा, पुढे मात्र खाकरायचा.

हातातले पत्ते उघडायची वेळ आत्याबाईंनी पुन्हा येऊच दिली नाही. तरी पावणेपाचला दोघांच्या चकत्या जवळपास सारख्या होत्या. शेवटचा डाव. बाकीच्या दोघांनी पत्ते टाकलेले, मधे टेबलावर सगळ्यांचे सामाईक पाच पत्ते उघडे.

"शंभर," पुतण्या ठासून म्हणाला.

आत्याबाईंनी आपले दोन पत्ते छातीशी धरले, ओठ मुडपले, पत्ते पालथे ठेवले.

"तीनशे दहा."

"हे वरचे दहा कशाला?"

"तीनशेला तू आला असतास."

प्लंबर फिस्सकन हसला. पुतण्याने त्याच्याकडे डोळे वटारले.

"थापा मारतेयस तू, आत्या."

"मग ये की. धरून ठेवलंय कुणी?"

पुतण्या खाकरला. पाण्याचा घोट घेतला. पुन्हा खाकरला.

"टेबलावरचा धरून तीन राजे टाकतोय मी, तीन!" त्याने पत्ते आपटले. "राहा बाई एकटी. डोकं शाबूत आहे तुझं, आता माझंच फिरेल."

आत्याला घरी सोडायला तो गाडी काढायला गेला. पुतणसून चहाचे कप उचलून आत गेली.

आत्याबाईंनी आपले दोन पत्ते प्लंबरच्या हातात दिले आणि हळूच म्हणाल्या, "जरा वाचून सांग रे, काय होतं माझ्याकडे. वर्षभरात मला एकही पत्ता दिसलेला नाही."