सातवा मजला

"व्हिस्कीचं पिंप अर्धं रिकामं निघालं, आणि गोदामाची किल्ली तुझ्याकडे," हॉलिस प्रुइट म्हणाले. "ऊन प्यालं म्हणतोस. नऊ वर्षांत एवढं?"

"सातव्या मजल्यावर होतं, मालक. पत्र्याखाली." ड्यूईनं टोपी हातात घट्ट धरली होती. "उन्हाळ्यात तिथं खिळेसुद्धा चटके देतात."

वादळात गोदामाचं छप्पर उडालं, पिंपं इकडची तिकडे झाली, नोंदी भिजून लगदा झाल्या. कोणतं पिंप कुठं मुरलं, कुणालाच सांगता येत नव्हतं. पिंपं मोजणाऱ्या मापकानंही धड कौल दिला नव्हता. वरचं निघालं तर ऊन प्यालं. तळचं निघालं तर चोरी. बाहेर शेरीफची गाडी उभी होती.

"लोरेनाबाई चाखतील," ड्यूई म्हणाला. "त्या म्हणतील ते मला कबूल."

"चाख बाई. नाहीतर लुइव्हिलहून तपासणीचा यंत्रवाला बोलावतो," मालक हसले. "मग तुला तरी कशाला पोसायचं?"

ते जळती सिगार घेऊनच आत आले होते. एरवी लोरेना टॅकेट सिगारवाल्याला, धुरानं वास कळत नाही म्हणून, उंबरठ्यावरच अडवायची. आज तिनं अडवलं नाही. हिवाळ्यातल्या तापातून उठल्यापासून ती बोलायचीच कमी. एकतीस वर्षं या टेबलाशी बसून व्हिस्की चाखत आलेली बाई.

मक्यात गहू घालून गाळलेली ही व्हिस्की. गव्हाची लेक, जातीचीच मवाळ. वरच्या मजल्यावर तिला सासुरवास. ऊन जाळतं, लाकूड बोल लावतं, अंग झिजून कडवट होतं. तळमजल्यावर माहेर. गारव्यात निजते, गोड राहते.

लोरेनानं पेला खिडकीशी धरला. रंग बराच वेळ पाहिला. मग नाकाशी नेऊन डोळे मिटले. एक घोट जिभेवर फिरवला.

"ओपल कशी आहे रे?"

"दिवस भरत आलेत. म्हणते, आपल्याला मुलगी झाली तर तुमचं नाव ठेवायचं."

लोरेनानं आणखी एक घोट घेतला. मालकांनी घड्याळ पाहिलं.

"ताज्या पावाचा पापुद्रा," ती सावकाश म्हणाली. "मध. पिकली चेरी. लाकूड अगदी मागं, दाराआड उभं राहिल्यासारखं." तिनं पेला खाली ठेवला. "हिनं सासुरवास पाहिलेला नाही. तळमजला."

ड्यूई तिच्याकडे बघत राहिला. "नीट बघा, लोरेनाबाई. मी स्वतः चढवलं होतं ते."

"एकतीस वर्षांत हिचं नाक चुकलेलं नाही," मालक म्हणाले आणि त्यांनी दार उघडलं.

ड्यूईनं टोपी घातली. "ओपलला तुम्हीच सांगा," दारातून तो म्हणाला. "बेतानं सांगा."

संध्याकाळी लोरेना स्वयंपाकघरात शेगडीकडे पाठ करून बटाटे सोलत बसली होती. तिचा नवरा व्हर्जिल नाकाला बाही लावून परसातून धावत आला.

"अगं, घेवडा जळून कोळसा झाला. पार फाटकापर्यंत वास येतोय."

लोरेनानं वळून पाहिलं. तेव्हा कुठं तिला धूर दिसला.