गैरहजर रेणुकाचे गुण

"उद्या चाचणीला रेणुकाला पाठवू नका," केंगार बाई दारातूनच म्हणाल्या.

दोरीवरचा धुतलेला गणवेश काढता काढता रुक्मिणीने मागे वळून पाहिलं. "का वो बाई? पोरगी बरी हाय की."

"म्हणूनच सांगायला आले. मूल गैरहजर असलं की जिल्ह्याचं यंत्र त्याची हुबेहूब नक्कल तयार करतं आणि त्या नकलेकडून पेपर सोडवून घेतं. यंत्रातल्या रेणुकाला कधी ताप येत नाही, धाकटा भाऊ सांभाळावा लागत नाही. तिला ऐंशी पडतात."

"आन् आमच्या रेणुकाला?"

"मागच्या वेळी बावीस." बाईंनी हात जोडले. "यंदा शाळेची सरासरी पन्नासच्या खाली गेली तर शाळा बंद होणार. मग ही एकोणीस पोरं रोज घाट उतरून जातील का? पाया पडते तुमच्या."

चौथीतली रेणुका अंगणात उकिडवी बसून सगळं ऐकत होती. "बाई, मला भागाकार यायला लागला," ती म्हणाली आणि काटकीने मातीत चौऱ्याऐंशी भागिले सहा मांडलं. जीभ दातांत धरून तिने चौदा काढले.

गेला महिनाभर शाळा सुटल्यावर बाई तिला तेवढंच शिकवत होत्या.

"बरोबर आहे," त्या कशाबशा म्हणाल्या. "तरी उद्या येऊ नकोस."

रेणुकाने काटकी खाली ठेवली.

"मग पाचवीत कोण जाणार, बाई? ती का मी?"