ज्योत्स्नाचा फोन

बायको वारल्यापासून धुळ्यातल्या हाशमभाईंना आठवणीने फोन करणारं एकच माणूस उरलं होतं, क्रेडिट कार्ड विकणारी ज्योत्स्ना. गाद्या भरण्याचं काम करणाऱ्या हाशमभाईंनी उभ्या आयुष्यात उधारीवर काही घेतलं नव्हतं. पैसे साठले की वस्तू घ्यायची, नाहीतर तिच्यावाचून राहायचं, हा त्यांच्या घरातला रिवाज. कार्ड त्यांना नकोच होतं. पण नको म्हटलं तर फोन बंद होतील, म्हणून ते दर वेळी "बघतो, बेटा" एवढंच म्हणत. मग ती जेवलात का विचारी, ते कापसाचा भाव किती चढलाय ते सांगत. त्या दुपारी तिचा आवाज उतरलेला होता. "चाचा, महिना संपत आला. माझी अजून दोन कार्डं कमी पडतायत." हाशमभाई म्हणाले, "मग माझ्या नावाचं कर एक."  ती आवाज बारीक करून म्हणाली, "नका घेऊ, चाचा. मीही असंच एक घेतलं होतं. त्यावर मोबाईल आणला, दरमहा थोडे थोडे भरत राहिले. मोबाईल बिघडला, व्याज अजून चालूच आहे. तुमची सवय चांगली आहे, ती मोडू नका. तुमचा नंबर मी आमच्या यादीतून काढून टाकते. यापुढे आमच्याकडून कुणीच तुम्हाला त्रास देणार नाही." "शुक्रिया, बेटा," हाशमभाई म्हणाले. नको काढूस, एवढं मात्र त्यांच्या तोंडून निघालं नाही.